बैलाची न्याहारी

परवा सकाळी दहा वाजता ऊसतोड करणाऱ्या सुमनताई डोक्यावरच्या मोळीसकट फडात कोसळल्या. "गाडी भरल्यावर खा भाकरी," असं मुकादमानं बजावलं होतं. शुद्धीवर येताच त्या गाडीच्या बैलाकडे बघून म्हणाल्या, "ह्याची न्याहारी झाली बाई, माझीच राहिली!"

बैल उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, म्हणजे वाढं, चघळत होता. मी ऊसतोड कामगार संघटनेची कार्यकर्ती, गोंधळलेच. वाढं काय, भाकरी काय, दोन्ही साखरेच्याच कणांच्या साखळ्या. फक्त कड्या वेगळ्या जोडलेल्या. बैलाच्या पोटातले जंतू वाढ्याच्या कड्या तोडतात, आपल्याला ते जमत नाही. मग पत्रक काढू कुणाविरुद्ध, निसर्गाच्या? पण सुमनताईंना पचणारी साखळी तर बांधावरच फडक्यात बांधलेली होती!

तुमच्या उसाला तोड आली की आधी टोळीला भाकरी सोडू द्या, मगच कोयता चालू द्या.