हाताची घडी, तोंडावर बोट
वर्गावर माझा वचक होता आणि त्याचा मला माज होता. चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यातल्या एका गावात मी तिसरीला शिकवतो. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं की चाळीस पोरं चिडीचूप. जो बोलेल तो तास संपेपर्यंत कोपऱ्यात उभा. तपासणीला आलेले साहेब माझ्या वर्गापाशी थांबून मान डोलवायचे.

शेजारी चौथीच्या बाईंचा वर्ग म्हणजे मासळीबाजार. पोरं त्यांच्या टेबलाभोवती गोळा व्हायची आणि घरातलं सगळं सांगत बसायची. बाईंना वर्ग आवरत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे धान निघालं की कितीतरी घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. पोरंही सोबत जातात आणि त्यांची शाळा बुडते. वेळेत घरी जाऊन समजावलं, तर आईबाप पोराला नातेवाइकाकडे ठेवून जातात. कोणाचं घर कधी निघणार, हे बाईंना पोरांकडूनच कळायचं. त्या वर्षी त्यांच्या वर्गातलं एकही पोर गेलं नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, वाचनात सगळ्यांच्या पुढे. एका दुपारी पाढे चालू असताना ती उठून उभी राहिली. "सर, मले..." एवढंच म्हणाली. मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. घंटा होईपर्यंत ती तिथे उभी होती, आणि नंतर तिला विचारायचं मी विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारी तिची आत्या राहते. ती म्हणाली, "तिची माय मले मने, सर ठेव म्हनतीन तं पोरीले तुह्यापाशी ठेवून जातो. पोरगी थेच तुमाले विचाराले आली होती नं. घरी येऊन सांगे, सर बोलूच देत नाई."

मान खाली घालून परत आलो.

मग वर्गाला म्हणालो, बोला रे, काय वाटेल ते बोला. सगळे माझ्याकडे बघत गप्प बसले. मला रडूच आलं.

उन्हाळ्यात ती परत आल्याचं कळलं तसा मी धावत गेलो. पोर वाळली होती, हात मिरचीनं सोलवटले होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "शाळेत येशील ना? बोल ना, बेटा."

तिनं मुकाट्यानं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.