चंबूच्या तोंडावरची राख

वालूरच्या बसवंतरावांच्या हातून नोकरीत एकच मोठी चूक झाली, आणि ती चिमूटभर राखेने झाली.

परभणीहून बी.एस्सी. होऊन ते कोकणातल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागले. काम उत्प्रेरक तपासण्याचं. फिकट पिवळी भुकटी, दमट हवा लागली की मरणारी. कोरड्या नायट्रोजनमध्ये ती तोलायची, चंबूत द्रावकात कालवायची, पोलादी भांड्यात सोडायची. मग वायू आत घ्यायचा. वायूचा एक कण भुकटीला टेकतो, दुसरा त्याला धरतो, तिसरा दुसऱ्याला. हजारोंची माळ होते. दोन तासांनी झाकण उघडलं की गव्हाच्या दाण्याएवढ्या भुकटीवर अर्धा किलो पांढरा रवा. ज्याला रंग नाही, आकार नाही, त्याचा ढीग. पाहून पाहून माणसं सरावतात. बसवंतराव सरावले नाहीत.

१९९१च्या जानेवारीत नवे चंबू आले. काचसामान भट्टीत सुकवायचं काम झरीच्या किशनरावांकडे होतं. त्यांनी एक चंबू तापवून, कोरडा करून पुढे ठेवला. बसवंतरावांच्या घरी नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय वापरात येत नसे, तराजू असो की शिलाईयंत्र. त्यांनी खिशातल्या डबीत बोटं बुडवली आणि चंबूच्या तोंडाशी तीन रेघा ओढल्या.

त्या दिवशी माळ जुळलीच नाही, भांडं तापलंच नाही. आत द्रावक तसंच, पाण्यासारखं. दुसऱ्या चंबूत तीच भुकटी नीट चालली. म्हणजे पहिला चंबू ओला होता, असं ठरलं. किशनरावांना घरी बसवलं. सोमवारी त्यांच्या नोकरीचा निकाल होणार होता. संध्याकाळी चंबू धुताना बसवंतरावांना तोंडाच्या आतल्या कडेला राखेचा करडा ओघळ दिसला. त्यांनी तो धुऊन टाकला, रजा घेतली आणि वालूर गाठलं.

आई, चन्नबसम्मा, भाकरी थापत होत्या.

"सण न्हाई, सुदी न्हाई, अन् आज कसा काय आलास?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"एवढुशा राखंनं बंद पडलं?"

"राखंत ओल असती माय, खार असतो. भुकटीचं तोंडच बुजतं."

"लय नाजूक की रे. नव्या नवरीवानी!"

"नाजूक? ह्या बादलीत हाय ती." त्यांनी कोपऱ्यातल्या लाल प्लॅस्टिकच्या बादलीकडे बोट केलं. "माल झाला तरी ती सरत न्हाई. आतच राहती. इतकी थोडी, की कुनी काढीत बी न्हाई."

चन्नबसम्मांनी पिठाचे हात पुसले. बादली रिकामी करून दारात आणली, उन्हाकडे तोंड करून धरली. लाल उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला.

"दिसत न्हाई."

"दिसनार न्हाई."

"अन् समद्याच बादल्यांत?"

"बादलीत, पोत्यात, दोरीत. सगळीकडं."

मग बादली खाली ठेवून म्हणाल्या, "त्या किशनरावाला लेकरं हायती?"

"दोन."

"मग तू हितं भाकर कशाला खायलास?"

"सांगितलं तर ती तपासणीची खोली सुटंल माय. पुन्हा भुकटीला हात लावू देनार न्हाईत."

"मंग कपाळाला विभूती कशाला लावतूस? लबाडी झाकायला?"

ताटातली भाकरी तशीच ठेवून बसवंतराव दुपारच्या एसटीने निघाले. सोमवारी त्यांनी राख आपण लावल्याचं लिहून दिलं. मंगळवारी किशनराव कामावर आले. बसवंतरावांची बदली गोदामात झाली, पोती भरायच्या यंत्रापाशी.

पहिले काही महिने ते पोत्यातल्या प्लॅस्टिकच्या दाण्यांकडे बघतच नसत. मग एके दिवशी पोतं शिवण्याआधी त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला. दाणे अजून कोमट होते. त्या दिवसापासून रोज एका पोत्यात हात जाऊ लागला. हमाल हसायचे.

"काय हरवलंय, साहेब?"

बसवंतराव डोळे मिटून उभे असायचे. हात बाहेर काढायची त्यांना घाई नसायची.