महाबळेश्वरच्या मधाची बाटली

२००४ साली अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आमच्या खालच्या मजल्यावर युक्रेनहून आलेली एक बाई राहायची. माझा मुलगा चार महिन्यांचा झाला, मी पुन्हा ऑफिसला जायला लागले आणि त्याला सांभाळायला सासूबाई पुण्याहून आल्या. दोघींची लगेच गट्टी जमली. इंग्रजीची दोघींकडेही बोंबच. वस्तू दाखवायची आणि आपापल्या भाषेतलं नाव सांगायचं, यावर त्यांच्या दुपारी सरायच्या.

एके संध्याकाळी शेजारीण मला जिन्यातच भेटली. चेहरा नुसता फुललेला.

"तुझी मम्मी म्हणते मध, आम्ही म्हणतो मेद! सेम! सेम!" असं म्हणून तिने बोट बाटलीत बुडवल्यासारखं केलं आणि बाळाला कसं चाटवलं तेही करून दाखवलं.

वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून विषबाधा होऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी धावत वर गेले. सासूबाईंनी आणलेली महाबळेश्वरच्या मधाची बाटली ओट्यावरच होती.

"आई, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मी?"

"अगं, बोटभर चाटवला. तुझ्या नवऱ्याला तर बाराव्या दिवसापासून..."

"तो तुमचा मुलगा. हा माझा आहे. मला विचारल्याशिवाय ह्याला हात लावायचा नाही!"

माझं डोकं मुळातच तापट, त्यात ही भीती. डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स फोनवर म्हणाली, रडणं क्षीण होतंय का, दूध नीट ओढतोय का, बघत राहा. लक्षणं दिसायला काही आठवडेही लागू शकतात. मी रजा टाकली. तो जरा गप्प पडून राहिला, तरी मी त्याला हलवून बघायची. सासूबाई दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "प्यायला का गं?" मी दार लोटून घेत असे.

महिना गेला. त्याला काहीही झालं नाही. सासूबाई परत गेल्या, पण माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही.

पुढे लायब्ररीत शब्दांच्या मुळांचं एक जाडजूड पुस्तक चाळताना कळलं, शेजारीण बरोबर होती. त्यांचा मेद आणि आपला मध एकाच फार जुन्या शब्दापासून आलेले. त्यांच्याकडे अस्वलाचं नावसुद्धा 'मध खाणारा' अशाच अर्थाचं. किती आनंदाने सांगत होती ती.

पहिल्या वाढदिवशी मी बाटली काढली आणि पुण्याला फोन लावला.

"आई, आज ह्याला तुम्ही आणलेला मध चाटवतेय."



"डॉक्टरांना विचारलंस ना?" मग घाईघाईने, "मी काही दे म्हटलेलं नाही हो."

त्या अजून मला घाबरत होत्या.