सरणाचं तोंड

देवबाग गावात कुणी वारलं की पहिला निरोप माझ्या मामाकडे येई. सरण रचणं हे त्याचं काम. पैसे कुणी देत नसे आणि तो घेतही नसे. पण तो आल्याशिवाय लाकडाला कुणी हात लावत नसे. मला ती जागा हवी होती. मी मालवणात शाळामास्तर होतो. सुट्टी असली की त्याच्याबरोबर स्मशानात जायचो, नसली तर रजा टाकून जायचो. अशी सहा वर्षं गेली.

मग मामाने मुलीसाठी घरजावई आणला. तो कुडाळच्या पलीकडचा, डोंगरातल्या गावचा. दोन वर्षांत मामाने आपली कोयती त्याच्या हाती दिली. मला त्याने ती कधी धरायलाही दिली नव्हती.

एका हिवाळ्यात शेजारची म्हातारी संध्याकाळी वारली. तिची सगळी माणसं घरातच होती, कुणासाठी थांबायचं नव्हतं. सकाळी उन्हं येताच न्यायचं ठरलं. मामाचे गुडघे धरले होते. त्याने पडवीतूनच सांगितलं, "जावय रचतलो. तू लाकडां दी."

"मामा, माका आठ वर्सां झाली."

"मोजतंस कित्याक?" तो म्हणाला.

सरणाला खाली दोन जाड ओंडके, वर आडवी आंब्याची लाकडं, मध्ये शेणी आणि करवंट्या. देह दक्षिणोत्तर ठेवायचा आणि तळाशी एका बाजूला हातभर जागा मोकळी सोडायची. तिला तोंड म्हणत. तिथून वारा शिरला की आग वर चढते. आसपासच्या गावांतली माणसं होडीने येईपर्यंत थांबावं लागे, म्हणून आमच्याकडे सरण बहुतेक दुपारनंतरच पेटे. तेव्हा वारा समुद्राकडून येतो आणि तोंड पश्चिमेला ठेवतात. जावयाने तेवढंच पाहिलं होतं. हिवाळ्याच्या सकाळी वारा खाडीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो.

त्याने पहिला ओंडका ठेवला आणि तोंड समुद्राकडे धरलं. खाडीकडे पाठ करून मी उभा होतो. वारा पाठीला लागत होता. मी लाकूड पुढे केलं. मग पुढचं. रचणी नेटकी होती, माझ्यापेक्षा नेटकी. ती फसावी असं मला वाटत होतं.

म्हातारीच्या मुलाने अग्नी दिला. ज्वाळा तोंडातून बाहेर समुद्राकडे ओढल्या जाऊ लागल्या. आत नुसतं धुमसत राहिलं. मागून एकजण म्हणाला, "म्हातारेन जल्मभर चूल फुंकल्यान. आता आमी तिका फुंकीत बसाचा काय?" दोघे हसले. मुलाने मान खाली घातली.

जावयाने पंच्याने डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "चूक झाली माझी. दादा, खंय उघडू?"

मी बांबूने पूर्वेकडची दोन लाकडं बाहेर ओढली. त्याने पश्चिमेचं तोंड बुजवलं. थोड्या वेळात आग छातीवरच्या ओंडक्यांपर्यंत पोचली.

दुपारी लोकांनी मामाला हे सांगितलं. भाचा होता म्हणून निभावलं, असंही म्हणाले. मी पडवीच्या पायरीवर बसून ऐकत होतो. आता मामा रचण्याचं काम मला देईल, याची मला खात्री होती. माणसं गेल्यावर त्याने विचारलं, "तुका कधी समाजला?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "पयलो ओंडको ठेवल्यान तेवा."

 मामा म्हणाला, "वारो मी तेका शिकवीन. ह्यापुढे तोच रचतलो."

वर्तमानपत्रातल्या नोकरीसाठी गाव सोडेपर्यंत मी लाकडं देत राहिलो. दर वेळी ओंडका ठेवण्याआधी जावई माझ्याकडे वळून विचारी, "दादा, वारो?" तोवर त्याला वारा माझ्याइतकाच कळू लागला होता. मी दिशा सांगे. त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.