सेराफीनचा ठिपका

माझ्या नवऱ्याने सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं ते एका ठिपक्यापायी. तीन महिने झाले, माझा राग उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

माझा नवरा एवेलियो मातान्सास शहरात एकोणीसशे एक्कावन्न सालची शेवरोले गाडी भाड्याने फिरवतो. तिचं इंजिन ओसरीवर उघडलं ते रिगोने, माझ्या दिराने. बावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, आमच्याच मागच्या खोलीत राहणारा. बोलायला कमी, पण हातात जादू. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा गिअर पार झिजला होता. आमच्या देशात इतक्या जुन्या गाडीचा नवीन कुठून मिळणार? लेथवाल्या सेराफीनने ॲल्युमिनियमचा करून दिला. रिगोने क्रँकच्या गिअरवरचा ठिपका आणि नव्या गिअरवरचा ठिपका समोरासमोर आणून टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ, लावलं. सगळे तसंच लावतात. इंजिन सुरू करायला गेला तर कार्ब्युरेटरमधून धडाम! वाकून बघणाऱ्या एवेलियोच्या भुवया जळाल्या.

"आंधळ्या! दोन ठिपके जुळवता येत नाहीत तुला? फुकटचं गिळतोस माझ्या घरात! चालता हो!"

अख्खी गल्ली बघत होती. रिगोने कपडे घेतले, नटबोल्टचे पाने तिथेच टाकले, आणि कोलोन गावी बहिणीकडे गेला. तिथे तो हत्याराला हात लावत नाही, तिची डुकरं सांभाळतो.

गाडी तीन महिने बंद पडून होती. गेल्या रविवारी एवेलियोने स्वतः इंजिन खोललं.

"रिगोला बोलाव," मी म्हटलं.

"त्या आंधळ्याला? बघ आता, कसं करतात ते!"

त्याने भिंग लावून ठिपके जुळवले, पाच वेळा तपासले. पुन्हा धडाम! तासभर पेट्रोलला शिव्या घातल्या, मग मला. शेवटी पुढचं झाकण काढलं, पहिला पिस्टन वर आणला आणि ठिपक्याकडे न बघता व्हॉल्व्ह बघत कॅम फिरवला. एक व्हॉल्व्ह मिटतोय, दुसरा उघडतोय, नेमक्या त्या जागी दात बसवले. ठिपका चार दात बाजूला राहिला. इंजिन लगेच सुरू झालं. म्हणजे रिगोचं काही चुकलंच नव्हतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सेराफीनकडे तो गेला, मागोमाग मीही.

"तो ठिपका?" सेराफीन पाव चावत म्हणाला. "शोभेला मारला रे. जुन्या गिअरवर होता ना, म्हणून. नाहीतर काम अर्धवट दिसतं."

घरी येईपर्यंत एवेलियो सेराफीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. भावाबद्दल एक शब्द नाही.

"फोन कर रिगोला," मी म्हटलं.

"गाडी चालू झाली ना? मग कशाला उकरून काढतेस? येईल आपणहून."

दुसऱ्या दिवशी माणसं वाहणाऱ्या ट्रकमध्ये उभी राहून मीच कोलोनला गेले. रिगोला सगळं सांगितलं. "तुझी चूक नव्हती रे."

त्याने हातातली डुकरांची बादली खाली ठेवली. मग विचारलं, "किती दातांचा फरक होता?"

"चार."

त्याने मान हलवली. "दादाने पाठवलं तुला?"

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"नाही."

त्याने माझ्यासमोर भात-घेवड्याचं ताट ठेवलं. "जेवून घे, वहिनी. परतीचा ट्रक चारला सुटतो."