आऱ्याचं खालचं टोक

लग्नात माझ्या अंगावर पांढरं लुगडं होतं, आणि ते पाहून माझ्या मावशीनं मांडवातच डोळ्याला पदर लावला. तिला वाटलं, पोरीचं वाटोळं झालं. नागपूरच्या दीक्षेला वर्षही झालं नव्हतं. पंचशील म्हटलं, हार घातले, झालं लग्न. मला मात्र लुगड्याच्या रंगाचं काही नव्हतं. नवरा हातातलं काम जाणणारा आहे, एवढंच ऐकलं होतं आणि तेवढ्यावर मी खूश होते.

ह्यांनी दीक्षा घेऊन आल्याबरोबर दोन कामं केली होती. घरातले देव नदीत सोडले आणि गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढायला पुन्हा आमच्या घरचं कोणी जाणार नाही, असं चावडीवर जाऊन तोंडावर सांगितलं. मग खायचं काय? कापसाच्या एका जिनात सुताराच्या हाताखाली राबून ह्यांचा हात बसला होता. घाटंजीच्या कडेला, बाजाराच्या वाटेवर, ह्यांनी घर बांधलं आणि घराला लागून एक छपरी घातली. तीच आमची कामाची जागा. पाट, पोळपाट, खाटा, शेतातल्या डवऱ्याचे दांडे, कोणाच्या घराची चौकट, जे मिळेल ते करायचं.

सुताराचं बाकी सगळं काम एकट्यानं होतं, आऱ्याचं होत नाही. आरा म्हणजे माणसाच्या उंचीची करवत, दोन्ही टोकांना मुठी. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली. आता आमच्या आऱ्याचं दुसरं टोक धरणार कोण? गावातला कोणी मजूर आमच्या छपरीत यायला तयार नव्हता आणि आमचे भाऊबंद रोजच्या मजुरीला बांधलेले. उरले कोण, तर मी.

सासूला ते पटलं नाही. "बाईमानसानं आऱ्याले हात लावते का कुठं?"

"बुद्धानं कुठं नाई म्हटलं?" हे म्हणाले. बुद्धानं आऱ्याबद्दल काहीच म्हटलेलं नसणार हे सासूलाही कळत होतं, पण ती पुटपुटत आत गेली.

पहिल्याच दिवशी ह्यांनी मला समजावलं. "तू खाली ओढ. मी वर ओढतो. ढकलायचं कोनीच नाई. ढकललं का पातं वाकते आन् फळी नागमोडी येते." मी डोक्याला फडकं गुंडाळलं, डोळे बारीक केले आणि ओढायला लागले. पहिले काही दिवस हात उचलून भाकर थापता येईना. खांदे नुसते ठणकायचे. मग एका सकाळी काय झालं कोण जाणे, आरा आपला आपण चालायला लागला. मी सोडायचे तेव्हा ते ओढायचे, ते सोडायचे तेव्हा मी. वरून सागाचा भुसा माझ्या डोक्यावर, मानेवर, पोलक्यात. सागाला एक कडवट वास असतो, तो माझ्या केसांना कायमचा बसला. हे म्हणायचे, "तुह्या केसाले तेल नोको लावू, रंधा मार."

आम्ही तिथं खूप बोलायचो. घरात सासू, बाहेर गाव, नवराबायकोनं मोकळं बोलायला जागा होती कुठं? आऱ्यावर मात्र बोलावंच लागायचं. थांब, ओढ, पाचर मार, असं बोलता बोलता भलतीकडं जायचो. त्यांच्या लहानपणीचं सगळं मी आऱ्याच्या खालच्या टोकाशी उभी राहून ऐकलं. मी तोंडाची फटकळ. गावातल्या एकेकाची नक्कल करायची आणि वरून भुसा पडायचा थांबला की समजायचं, हे हसतायत. त्यांचं हसणं आधी पोटात व्हायचं, आवाज नंतर यायचा. मी सुखात होते. सुखात असताना माणसाला ते कळत नाही म्हणतात, ते खोटं आहे. मला चांगलं कळत होतं.

पुढं एका वर्षी उन्हाळ्यात एका मोठ्या शेतकऱ्यानं पोराच्या लग्नासाठी पलंग सांगितला. माणूस रोज यायचा पाहायला. आमच्या दारात उभा राहून घाम पुसायचा, सासू पाणी विचारायची, तर "नोको, आताच पेलो" म्हणायचा. उन्हातून कोसभर आलेला माणूस, ओठ सुकलेले, आणि म्हणे आताच पेलो. एकदा चौथ्या खुराच्या जागी ओंडका देऊन पलंगाचा सांगाडा जोडून ठेवला होता, तर त्यावर आडवाच झाला, मजबूत आहे का पाहायला. आणि तिथंच त्याला डुलकी लागली. चांगला घोरला.

तो गेल्यावर आम्ही पलंगाचा चौथा खूर घडवायला बसलो. मी तो खूर जमिनीवर उभा धरला होता, हे वासल्यानं, आडव्या पात्याच्या त्या छोट्या कुऱ्हाडीनं, त्याच्या बाजू छाटत होते. मी त्या माणसाचं घोरणं काढून दाखवलं आणि म्हटलं, "याले आपलं पानी चालत नाई, पलंग चालते. झोपेत इटाळ होत नाई वाट्टे!"

त्यांनी वर पाहिलं. हसले. वासला खाली येतच होता.

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं. दुखलं ते नंतर, आधी नुसतं हलकं वाटलं. ह्यांच्या तोंडावर हसू तसंच राहिलं होतं, कारण चेहऱ्याला अजून खबर लागली नव्हती. मग त्यांनी डोक्याचा रुमाल काढून माझा हात गच्च बांधला आणि मला उचललं. दवाखान्यापर्यंत ते मला उचलून पळाले. मी म्हणत होते, "अहो, पाय तं शाबूत हायत माहे, चालू द्या मले." ते ऐकत नव्हते. डॉक्टरनं जे वाचण्यासारखं नव्हतं ते काढून टाकलं.

घरी आलो तर सासूनं तिचं काढलंच. "दसऱ्याले हत्यारं पुजनं सोडलं. वासला कोपला."

ह्यांनी आईवर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "वासला कोपला नाई! तो माह्या हातात होता! मीच हासलो!" आणि छपरीत जाऊन बसले. सासू रडली. मीही रडले, पण बोटांसाठी नाही. त्या 'हासलो' ची मला भीती वाटली.

जखम भरली. हात कामाला लागला. विळीवर भाजी चिरता यायला लागली, लुगडं पिळता यायला लागलं. मी एके सकाळी डोक्याला फडकं गुंडाळून छपरीत गेले. आऱ्याच्या खालच्या टोकाशी मजुरी सोडून आलेला ह्यांचा एक चुलतभाऊ उभा होता.

"तू आत जाय," हे म्हणाले.

"काहून? मूठ उजव्या हातानं धरतात. डावा नुसता टेकू असते."

"जाय म्हटलं ना."

त्या दिवशी दुपारी जेवायच्या वेळी मी सोडलं नाही. "घरातले एवढे देव एका दिवशी नदीत सोडले तुमी, तवा भेले नाई. आन् आता एका वासल्याले भिता?"

ते भाकर कुस्करत म्हणाले, "वासल्याले नाई भीत. माह्या हाताले भीतो."

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि उठले.

चुलतभाऊ भला माणूस होता, पण तो ढकलायचा. मी चुलीपुढं बसून ऐकायचे. आऱ्याचा आवाज सरळ असला की लांब श्वासासारखा येतो, ढकलला की मध्येच कण्हतो. माझ्या हातातलं पीठ तसंच राहायचं. एकदा न राहवून मी आतून ओरडले, "अहो ढकलू नका हो भाऊजी!" आरा थांबला. ह्यांचा आवाज आला, "तू तुह्या भाकरी पाय." पुन्हा आरा सुरू झाला. छपरीतून बोलणं ऐकू यायचं ते कामापुरतं. हसू तर नाहीच. कामाच्या वेळी हसायचं नाही, असं ह्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं, आणि त्यांचं सगळं आयुष्य कामाच्याच वेळेत जायचं.

मला वाटलं, तोंडानं होत नाही ते हातानं करून दाखवावं. बाभुळगावला एका घराच्या दारंखिडक्यांचं काम निघालं आणि हे चुलतभावाला घेऊन तिकडं मुक्कामी गेले. मी छपरीत शिरले. सागाचा एक तुकडा काढला आणि पाट करायला घेतला. धाकटी करवत मला चालवता येत होती. रंधा डाव्या हातानं दाबावा लागतो, तिथं तीनच बोटं, म्हणून सुरुवातीला घसरायचा. मी तळव्याच्या मुळानं दाबायला शिकले. खालच्या दोन पट्ट्यांसाठी खाचा पाडल्या, पट्ट्या ठोकून बसवल्या. सासू दारात बसून पाहायची. एकदा फक्त म्हणाली, "इकडून उचलते थोडा," आणि खरंच त्या कोपऱ्याला पाट उचलत होता. मी तो पुन्हा घासला.

हे आले, हातपाय धुतले. मी ताट वाढलं आणि बसायला तो पाट ठेवला. आंबाडीची भाजी, भाकर. ते बसले, निम्मं जेवले आणि म्हणाले, "पाट नवा दिसते. कुठून आनला?"

"घरचाच हाय."

ते जेवता जेवता उठले. पाट उलटा केला. पट्ट्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, मग सपाट बाजूवरून तळवा. "रंधा कुठंच रेषेच्या उलटा नाई मारला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कधी कोणाला मिळाली नव्हती. मला वाटलं, जिंकलं. उद्या फडकं गुंडाळायचं.

मग त्यांनी माझा डावा हात घेतला. उलटासुलटा करून पाहिला, राहिलेली तिन्ही बोटं एकेक करून पाहिली, कुठं नवीन खरचटलंय का ते. अंगठ्याजवळ थोडं होतं. ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. ताटावर परत बसले नाहीत.

पुढच्या बाजाराला त्यांनी आरा विकला. वासला, पटाशा, रंधे, सगळं विकलं. मी दारात आडवी उभी राहिले, तर माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तू ऐकनारी नाईस. मी घरी नसलो का तू हात लावशीनच. हत्यारंच नसली तं मले झोप लागन." मी नाही नाही ते बोलले. तोडायचीच होती तर दोनच बोटं का तोडली, उरलेली कशाला ठेवली, असंही बोलले. ते पटाशा पोत्यात भरत राहिले. पाट करून मी छपरीचं दार उघडायला गेले होते, आणि त्याच पाटानं ते कायमचं लावलं गेलं.

आम्ही यवतमाळला आलो. ह्यांना लोहारा गावाच्या बाजूला एका आरागिरणीत काम मिळालं. मशीन लाकूड चिरतं, माणसानं फक्त ओंडका पुढं सारायचा. पगार वेळेवर, घर पक्कं, नळ जवळ. तक्रार करायला जागा नाही. हे संध्याकाळी यायचे, आल्या आल्या माझ्या हातातली विळी काढून घ्यायचे आणि स्वतः भाजी चिरायचे. सरपण तेच फोडायचे. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई. नवरा विळीसुद्धा हाती लागू देत नाही." मी हसायचे. एकीला एकदा म्हटलं, "घेऊन जा दोन दिवस." तिला ती थट्टा वाटली.

भाजी चिरून झाली की आम्ही बसायचो. काय बोलावं सुचायचं नाही. ते विचारायचे, हात दुखते का? मी म्हणायचे, नाही. झालं बोलणं. ते वाईट नव्हते, हे मला कोणी सांगायला नको. माझ्यासाठी त्यांनी हातातला हुन्नर सोडला. पण मी तो सोडायला सांगितला नव्हता आणि मला त्यांनी विचारलं नव्हतं.

एकदा ते डबा घरीच विसरून गेले. मी तो घेऊन गिरणीवर गेले. आत एवढा आवाज की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. हे एकटेच मशीनवर होते. चिरून आलेली फळी पलीकडून धरायला एक माणूस लागतो, तो त्या दिवशी आला नव्हता. ते ओंडका सारायचे, मशीन बंद करायचे, वळसा घालून पलीकडं जायचे, फळी उचलायचे, पुन्हा इकडं यायचे. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी पाहत उभी राहिले. फळीचं दुसरं टोक मोकळं होतं. पात्यापासून चांगलं लांब. तिथं उभं राहून नुसतं धरायचं होतं.

मी डबा खाली ठेवला आणि पदर खोचला. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी आडवा पंजा वर केला, तिथंच थांब म्हणून. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती. आणि मी, सासूचं न ऐकणारी, त्यांच्याशी भांडभांड भांडलेली, मी थांबले. पदर सोडला आणि घरी आले.

आता ते नाहीत. बोटांचं मला कधी काही वाटलं नाही, पण त्या दिवशी मी थांबले याचं वाईट वाटणं काही जात नाही. पुढं गेले असते तर ते ओरडले असते, कदाचित चार लोकांत रागावलेही असते. पण फळीचं ते टोक मी धरलं असतं, आणि संध्याकाळी आम्हा दोघांजवळ बोलायला काहीतरी असतं.