फिनेलचा वास

"बाई, डबी निर्मळ आसा. तुमच्या हाताक घाण नको," असं म्हणत ते थुंकीची डबी सदऱ्याच्या टोकाने पुन्हा एकदा पुसत, माझ्या खिडकीत ठेवत आणि चार पावलं मागे सरत.

मी डिचोलीच्या एका दवाखान्यात क्षयाचे नमुने घेते. हे माझे एक पेशंट, मूळचे दोडामार्गकडचे. खाणीचे ट्रक चालवायला आले आणि कारापूरला राहिले. जन्म लाल धुळीत गेला, पण ट्रक धुतल्याशिवाय गृहस्थ कधी घरी गेले नाहीत. धुतलेलं ताट पुन्हा धुणारा असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल.

सहा महिने गोळ्या घेऊनही त्यांना गुण नव्हता. म्हणून त्यांचा नमुना संशोधनासाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे जंतू वाढवतात, त्यांची जनुकं वाचतात आणि ते कुठल्या औषधाला दाद देतात, कुठल्याला नाही, ते कळवतात. मी हे समजावलं तर ते हसले.

"म्हणजे जंतूंची जबानी घेतत?"

मग दर आठवड्याला विचारणं सुरू. "जबानी झाली?"

दोन महिन्यांनी उत्तर आलं, जंतू वाढलेच नाहीत. ते खूश झाले. "मेले तर!" मेले कुठले! अंगावर सदरा लोंबत होता, खोकल्यातून रक्त पडत होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, घरी नेलेली डबी ते आधी फिनेलने धूत आणि वर दोन थेंब आतही टाकत.

"दुसऱ्याच्या हातात देवचां, तां घाण कसां देव?"

मला संताप आला तो स्वतःचाच. वास मला येत होता. फरशी पुसली असेल म्हणून मी सोडून दिलं. डबी धुऊ नका, एवढं सांगायला माझं काय जात होतं?

दुसरा नमुना पाठवला. पुन्हा तेवढीच वाट. पुढे त्यांना खिडकीपर्यंत चालवेना, आणि श्रावणात ते गेले.

त्यांचं बारावं झाल्यावर रिपोर्ट आला. इतके महिने गिळलेल्या दोन औषधांना ते जंतू दाद देणारे नव्हतेच. तिसऱ्या एकाला देत होते. ते औषध आमच्या कपाटात होतं.

चार दिवसांनी त्यांची बायको उरलेल्या गोळ्या परत करायला आली.

"बाई, रिपोर्ट इलो काय? शेवटपर्यंत इचारीत होते."

"आला," मी म्हटलं. "काही उपाय नव्हताच, असं लिहिलंय."

"मग बरां. माका वाटत होतां, मीच खंय कमी पडलंय."

गोळ्यांची पिशवी माझ्या हातात देऊन तिने माझेच आभार मानले.